खाकी पाकीट आणि दोन मिरच्या

लोगो म्हणून लोक मला काय काय पाठवतात, ते एकदा कुणीतरी येऊन बघावं. नगरच्या सावेडीतल्या माझ्या डिझाईन-छपाईच्या गाळ्याचं शटर सकाळी दहाला वर करतो, मोबाईल उघडतो, आणि झालं, डोकं फिरायला सुरुवात. एका शाळेनं बोधचिन्ह पाठवलं ते स्नेहसंमेलनात वाटलेल्या कपावरचं. कप गोल, त्यामुळे अर्धं चिन्ह समोर आणि अर्धं कानामागं. एका डॉक्टरांनी रबरी शिक्क्याचा फोटो पाठवला. एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी कॅलेंडरचं पान मांडीवर ठेवून फोटो काढला, त्यात खाली त्यांच्या लुंगीच्या चौकड्या. वर प्रश्न, "लोगो क्लिअर आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, लुंगी एकदम क्लिअर आहे." दोन दिवस बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी कॅलेंडर घेऊन स्वतःच आले.

सांगून सांगून तोंड दुखलं माझं. फोटो म्हणून पाठवू नका, मोबाईल त्याला दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून बरं, ज्यानं लोगो करून दिला त्याच्याकडून मूळ फाईल आणा. तीही नसेल तर जो काही कागद असेल तो घेऊन या, मी स्कॅन करतो. समोरचा सगळं ऐकून घेतो, "हो हो, लगेच पाठवतो" म्हणतो आणि तोच फोटो परत पाठवतो. या वेळी खाली 'ओरिजिनल' असं लिहिलेलं असतं. हात टेकले बाबा.

माझी बायको असती तर तिनं मला असं ओरडू दिलं नसतं. ती गिऱ्हाइकाला आमटीचं सांगायची. "हे बघा, वाटीभर आमटी आहे आणि पंगत बसलीय दोनशेची. काय करणार? पाणीच घालणार ना? तसंच होतं. मोबाईलवर बोटाएवढं चित्र, आणि तुम्हाला पाहिजे दहा फुटांचा बोर्ड." लोकांना लगेच कळायचं. मी अर्धा तास पिक्सेल, रिझोल्यूशन बडबडून जे व्हायचं नाही, ते तिच्या एका वाटीत व्हायचं. आता मीच ती आमटी सांगतो. पण माझ्या तोंडून ती काही जमत नाही, लोक नुसते माझ्याकडे बघत बसतात.

तिला जाऊन चार वर्षं झाली. त्याआधीची एकोणीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम केलं. ती श्रीरामपूरची. शाळेत फळ्यावर रंगीत खडूनं रोजचा सुविचार लिहायची ती, आणि अक्षर असं की मास्तर फळा पुसू द्यायचे नाहीत, असं तिच्या माहेरचे अजून सांगतात. आमच्या धंद्यात डिझाईन करायची ती, नाव माझं. ती कागदावर पेन्सिलनं काढायची, मी तो कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर रेघा पक्क्या करायचो. माझा हात माऊसवर सरळ चालतो, कागदावर वाकडा. तिचं बरोबर उलटं.

आणि तिची एक खोड होती. चित्र काढता काढता कागदाच्या कडेला ती मला निरोप लिहायची. समोर गिऱ्हाईक बसलेलं असायचं, त्याच्यादेखत बोलता यायचं नाही, म्हणून. "हे घाईचे आहेत, उद्या सांगा." "यांना लाल नको, यांच्याकडे दुःख झालंय." "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, पुढं वाकू नका." लिहायची आणि चित्र दाखवायच्या निमित्तानं कागद माझ्याकडे सरकवायची. मी कधी वाचायचो, कधी नाही. कामाच्या गडबडीत माझी नजर मधल्या चित्रावर असायची. स्कॅन केलं की पहिलं काम म्हणजे कडा कापणं. लोगो तेवढा ठेवायचा, बाकी उडवायचं. स्वच्छ फाईल म्हणजे स्वच्छ फाईल, असा माझा मोठा तोरा होता.

आता ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतं.

गावातल्या जुन्या दुकानातून सावेडीला आलो तेव्हा ती चार दिवस माहेरी गेली होती. मी म्हटलं, ती यायच्या आत सगळं लावून टाकू, खूश होईल. माळ्यावर तिच्या कागदांचे गठ्ठे होते, सगळे स्कॅन झालेले. मी ते रद्दीवाल्याला देऊन टाकले. चांगला हातगाडीभर माल निघाला. ती आली, नवीन गाळा बघितला, पंखा बघितला, कुंडी ठेवायला केलेली जागा बघितली. मग विचारलं, "अहो, कागद कुठंत?" मी सांगितलं. वर म्हणालो, "अगं, स्कॅन आहेत की सगळे, कागद काय करायचेत?" ती काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हातपाय धुतले आणि स्वयंपाकाला लागली.

त्यानंतर तिनं एक पद्धत पाडली. स्कॅन झालं की मूळ कागद गिऱ्हाइकाला द्यायचा. खाकी पाकीट घ्यायची, त्यात कागद घालायची, वर काहीतरी लिहायची आणि दोन्ही हातांनी द्यायची, ओटी भरल्यासारखी. "ओरिजिनल आपल्या घरी ठेवायचं. कॉपी वाटायची. आम्हालासुद्धा ओरिजिनल द्यायचं नाही." मी हसायचो. गिऱ्हाईकही हसायचं. पण पाकीट घेऊन जायचं. असं करत करत तिच्या हातचे सगळे कागद जिल्हाभर पांगले. आमच्या घरात एक राहिला नाही.

ती गेली, आणि दुसऱ्या वर्षी माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली. एके दुपारी थांबलीच, तिच्या सगळ्या स्कॅनसकट. दुसरीकडे कॉपी? नव्हती. अख्ख्या गावाला कॉपी ठेवा म्हणून शहाणपण शिकवणारा मी, माझीच नव्हती. पुण्याला नेली, दोन ठिकाणी दाखवली. दुसऱ्या माणसानं ती माझ्या हातात परत देताना जी मान हलवली, त्यावरून कळलं. बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर किती वेळ बसलो होतो, आठवत नाही.

लोक म्हणतात, फोटो असतील ना. आहेत, चिक्कार आहेत. पण फोटोत ती लग्नाकार्यातली आहे. पदर सावरलेली, कुणीतरी "हसा" म्हटल्यावर हसलेली. मला ती कामातली पाहिजे होती. पेन्सिल दातात धरून बसलेली, कडेला मला दटावणारी. तिचा तो एखादा निरोप, अगदी बटणाचा का असेना, पुन्हा एकदा माझ्याकडे सरकवलेला पाहिजे होता. त्याची जी ओढ लागली, ती कुणाला सांगायची? पन्नाशीच्या माणसानं पेन्सिलच्या रेघेसाठी जीव टाकायचा, म्हणजे लोक खुळ्यात काढणार.

म्हणून मी सांगत नव्हतो. मी नुसता म्हणायचो, "मूळ कागद आणा, खाकी पाकिटातला. त्याशिवाय काम चांगलं होणार नाही." खरं तर पुष्कळदा झालं असतं.

मग जिल्ह्याचं नाव बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि ज्याच्या त्याच्या लेटरहेडवरचा, पिशवीवरचा, पाकिटावरचा पत्ता बदलायची वेळ आली. जुनी जुनी गिऱ्हाइकं परत येऊ लागली. प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला, "पाकीट आहे का?" एकानं सांगितलं, पाकीट आहे, त्यात विम्याचे कागद ठेवलेत, आतलं काय झालं देव जाणे. एकाच्या नातवानं त्याची होडी केली होती. एक जण खरोखरच पाकीट घेऊन आला. मी हात पुसून घेतलं, उघडलं, तर रिकामं. वर तिच्या अक्षरात फक्त 'ओरिजिनल' एवढंच. मी म्हटलं, "हे राहू द्या माझ्याकडे." तो म्हणाला, "रिकामं पाकीट? ठेवा की." ते तीन दिवस टेबलावर तिच्या बाजूला ठेवलं होतं. नंतर ड्रॉवरमध्ये टाकलं.

सोनईच्या मसालेवाल्या मावशी राहिल्या होत्या. पंधरा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा घरातच कांडप करून गावच्या बाजारात मसाला विकायच्या. आता त्यांची पाकिटं नेवाशापासून श्रीरामपूरपर्यंत दुकानांत लटकलेली दिसतात. पाकिटावर उखळ आणि उखळाच्या दोन बाजूंना दोन मिरच्या. बायकोनंच काढलेलं. मिरच्या अशा वाकलेल्या की दोघी जणी उखळाशी गप्पा मारत बसल्यात.

पत्ता बदलायचा म्हणून मावशींच्या सुनेचा फोन आला. म्हटलं, मूळ कागद पाठवा. तिनं पाठवला मसाल्याच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो, चुरगळलेला, वर फ्लॅशचा पांढरा गोळा. एक मिरची त्या गोळ्यात गायब. म्हटलं, असं नाही. मग स्क्रीनशॉट आला, वर बॅटरी सात टक्के दिसतेय. म्हटलं, असं नाही हो ताई. मग आला व्हिडिओ. पाकीट हातात धरून पुढून, मागून, खालून फिरवलेलं, मागं म्हैस ओरडतेय. माझं टाळकं सरकलं. मी सुनेला नाही नाही ते बोललो. "तुम्हाला कळतं का मी काय मागतोय? खाकी पाकीट! बायकोनं दिलेलं! शोधायचं नसेल तर काम दुसरीकडे द्या." फोन ठेवल्यावर मला कळलं की मी बायको हा शब्द उच्चारलाय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी दुपारी मावशी स्वतः दारात उभ्या. सोनईहून एस.टी.नं तारकपूर स्टँडवर उतरून चालत आलेल्या, डोक्यावर पदर, कडेला कापडी पिशवी. मी उठून खुर्ची दिली. सुनेवर ओरडल्याचं माफ करा म्हणणार, तोवर त्याच म्हणाल्या, "पाकीट पोरीला कुटून घावायचं? माझ्या डब्यात हाय त्ये. मी कुनाला हात लावू देत न्हाई."

पिशवीतून त्यांनी पितळी डबा काढला. झाकण उघडलं तसा गाळाभर मिरचीचा ठसका उठला. आत वाळलेल्या मिरच्या, आणि मिरच्यांत खोचलेलं खाकी पाकीट. "मिरचीत ठिवलं की कसर लागत न्हाई कागदाला," त्या म्हणाल्या. मला दोन शिंका आल्या, डोळ्यांना धारा लागल्या. त्या धारा सगळ्या मिरचीच्या नव्हत्या, उगाच खोटं कशाला सांगू.

मी हात पुढं केला. त्यांनी पाकीट मागं घेतलं.

"न्हाई, तुमच्या हातात न्हाई द्यायचं. वर लिवलंय ताईंनी. सून वाचून दाखवती दर दसऱ्याला, डबा पुजताना."

"काय लिहिलंय?"

त्यांनी पाकीट माझ्यासमोर धरलं, पण सोडलं नाही. ते ओळखीचं गोल अक्षर, पेन्सिलनं नाही, शाईच्या पेननं: "मावशी, हा कागद जपून ठेवा. आमच्या ह्यांच्याकडे ठेवायला देऊ नका, ते टाकून देतील. मागायला आलेच कधी तर दाखवा, पण परत घेऊन जा."

मी खाली बसलो. एकोणीस वर्षं जिच्यासमोर बसलो तिनं मला असं ओळखलं होतं, आणि रद्दीच्या दिवशी ती जे बोलली नाही ते सोनईला एका मिरचीच्या डब्यात पंधरा वर्षं जाऊन बसलं होतं. राग यायला पाहिजे होता की काय, माहीत नाही. मला हसू आलं. हसता हसता हुंदका आला. मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मिरचीचाच हात. म्हणाल्या, "रडा, रडा. लई दिस झालेत वाटतं."

थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच कागद बाहेर काढला आणि स्वतःच्या हातानं स्कॅनरच्या काचेवर ठेवला. मी फक्त सांगत होतो, जरा डावीकडं, आता सरळ. झाकण लावायच्या आधी मी वाकून बघितलं. उखळ, दोन मिरच्या. खाली मापाच्या फिकट रेघा. एका मिरचीचा देठ आधी सरळ काढून मग खोडलेला. आणि कडेला, चित्रापासून लांब, तिरकं लिहिलेलं:

"अहो, ओरडू नका. मावशी पहिल्यांदाच आल्यात. चहा सांगा."

हा कागद तिनं माझ्यासमोर सरकवला होता. माझ्याच टेबलावर, माझ्याच हाताखाली. मी मिरच्या बघितल्या, स्कॅन केलं, कडा कापल्या. निरोप मला आलाच नव्हता असं नाही, मी वाचलाच नव्हता. मी विचारलं, "मावशी, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी ओरडलो होतो का हो?"

"व्हय की," त्या म्हणाल्या. "मी पाकिटाचं माप हाताच्या इतीनं दाखवलं म्हनून. तुमी लई कडक हुता तवा. आत्ताबी हायच म्हना, सून रडत हुती परवा."

मी मशीनला सगळ्यात बारीक स्कॅनचा हुकूम दिला. दिवा सावकाश, अगदी गोगलगाईच्या चालीनं, कागदाखालून सरकत गेला. पडद्यावर चित्र उमटलं. सवयीनं हात कडा कापायच्या चौकटीकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. कागदाच्या चारी कडा, कोपऱ्यातला हळदीचा डाग, घडीची रेघ, सगळं तसंच ठेवलं. फाईल एक इथं, एक वेगळ्या डिस्कवर, एक माझ्या लेकीकडे. मग पत्ता बदलला, जि. अहिल्यानगर, आणि मावशींना दाखवला. त्यांनी पडद्यावरच्या मिरचीवर बोट ठेवून बघितलं. "ग्वाड दिसतीया," म्हणाल्या.

कागद त्यांच्या हातात होता, पाकिटात घालायचा राहिलेला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटतं माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांना अगदी सरळ वाचता आलं, अक्षरओळख नसूनही. कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला, बरोबर तिच्या जागेवरून.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. ताई काय रागवायच्या न्हाईत आता."

देवाशपथ सांगतो, मला तो पाहिजे होता. तीन वर्षं मी त्याच्यासाठी लोकांच्या मागं लागलो, खोटं बोललो, एका बिचाऱ्या सुनेला रडवलं. आता तो माझ्या बोटांखाली होता. पेन्सिलचा दाब कागदात उतरलेला, बोट फिरवलं की लागत होता. स्कॅनमध्ये तो येत नाही, कितीही बारीक करा. दुसऱ्या कुणाला नाही, पण मला माहीत आहे ते.

मी कागद उचलला, घडी होती तशीच घातली, पाकिटात सरकवला, पाकीट मिरच्यांत खोचलं आणि झाकण लावलं.

"नको मावशी. तिनं परत न्यायला सांगितलंय. मी दसऱ्याला येईन मागायला, तेव्हा दाखवा."

त्या पिशवी उचलायला लागल्या. "निगते, दोनची गाडी हाय."

"बसा हो," मी म्हटलं. मग दारात जाऊन समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली आणि चहा सांगितला.